अर्जातला शब्द

बालगृह
१४ ऑगस्ट २०२३

गौराआत्या,

इथूनच तुझ्या पाया पडते. इथं रविवारी पाच मिनिटं फोन देतात, पण बाबांचा फोन लागत नाही. पाड्यावर रेंज नसते हे मला ठाऊक आहे, तरी दर रविवारी लावते. शेवटी सुनिताताई म्हणाल्या, पत्र लिही. कोर्टाचं काम संपेपर्यंत माझ्या सोबतीला म्हणून त्यांना नेमलंय. पाकिटं आणि तिकिटं त्यांनीच दिली.

पोलिसांनी मला भावेशच्या खोलीतून आणलं त्याला आज छत्तीस दिवस झाले. त्या खोलीत मी एकोणीस दिवस होते. इथं जेवण बरं आहे. भात मात्र पांढराशुभ्र, कशाचाच वास नसलेला. समुद्र दिसत नाही, पण दुपारी सगळ्या निजल्या की ऐकू येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, दाभोशाचा धबधबाच वाजतोय. मग कळलं की हा आवाज मधेच थांबतो आणि पुन्हा येतो.

लावणी झाली का? माझ्या ओळीत कोण वाकलं? धाकलीला माझी वही वापरू दे, पण मागची पानं फाडू नको म्हणावं.

इथल्या मुली विचारतात, तुझी केस कसली. मी सांगितलं, लव्हची. सगळे तसंच म्हणतात ना. आत्या, बाबा माझ्यावर रागावलेत का? माझी चूक झाली हे मला कबूल आहे. त्यांना एकदा भेटायला पाठव. येताना नागलीची भाकर आण म्हणावं, शिळी झाली तरी चालेल.

तुझी,
प्रतिक्षा


दाभोशाजवळचा पाडा
३ सप्टेंबर २०२३

प्रतिक्षा, माझ्या बाळा,

पोस्टमननं तुझं पाकीट अंगणवाडीत आणून दिलं. पोरांची खिचडी व्हायची होती, पण मी आधी तिथंच बसून तीनदा वाचलं. घरी रखमीवहिनीला वाचून दाखवलं. तुझ्या आईनं पाकीट मागून घेतलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं.

लावणी झाली. तुझ्या ओळीत धाकली वाकली. अकरा वर्षांची पोर, दुपारपर्यंत कंबर धरून बसली, पण उठली नाही. म्हणाली, ताईची ओळ आहे, मीच लावणार. वरच्या माळावर नागली बरी आलीय. तुझी वही तिनं उशाला घेतलीय.

बाबा रागावलेले नाहीत. काम फार आहे म्हणून येणं होत नाही.

आता एक गोष्ट. मोखाड्याकडून भावेशचा काका आणि आणखी दोन माणसं आली होती. म्हणाले, केस वाढवू नका, पोरगी अठराची झाली की लग्न लावून देऊ, दोन्ही घरांची अब्रू राहील. तुझ्या बाबानं अजून हो म्हटलेलं नाही. मला वाटतं तुझं मन त्याच्यावर असणारच, नाहीतर एवढं लफडं झालंच नसतं. तसं असेल तर लाजू नको, मला लिही. मी तुझ्या बाबाशी, भिकादादाशी बोलेन. झालं ते झालं, पोरी. तुझं वयच तसलं आहे. पण पुन्हा असं करू नको.

पोटभर जेवत जा.

आत्या


बालगृह
२० सप्टेंबर २०२३

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. वाचल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही. ताईंना दाखवायची लाज वाटली. चौथ्या दिवशी दाखवलं.

माझं मन त्याच्यावर नव्हतं. मी तुला एकदाच सांगते, पुन्हा विचारू नको.

आम्ही शाळेला त्याच्या जीपनं जायचो. आधी तो भाडं घ्यायचा नाही. मग एक जुना फोन दिला, म्हणाला अभ्यासाला होईल. गोड बोलायचा, कुणाला सांगू नको म्हणायचा. मलाही बरं वाटायचं, हे मी लपवत नाही. नंतर त्यानं माझे फोटो काढले. आणि मग म्हणाला, सांगतो तसं केलं नाहीस तर हे बाबांना दाखवीन, शाळेच्या ग्रुपवर टाकीन. तेव्हापासून तो सांगेल ते मी करत गेले. जून संपत आला तेव्हा म्हणाला, जीपमध्ये बस, सगळे फोटो तुझ्यासमोर पुसून टाकतो. मी त्यासाठी बसले. पुढचं सगळं मॅजिस्ट्रेटबाईंना सांगून झालंय, तुला लिहीत नाही. फोटो त्यानं पुसले नाहीत. पैसे घेऊन लोकांना पाठवले. ते किती जणांकडे आहेत कुणालाच माहीत नाही. बाजारात माणसं पाहिली की मला वाटेल, यानं पाहिले असतील का.

ताई म्हणाल्या, याला लैंगिक शोषण म्हणतात. मी म्हटलं, एवढा मोठा शब्द कशाला, सगळे तर लफडं म्हणतात. त्या म्हणाल्या, लफडं दोघांचं असतं. हे त्यानं एकट्यानं केलंय, तुझ्यावर केलंय. मग इथली एक मुलगी ते फोटो घाण आहेत असं म्हणाली, तर ताईंनी तिलाही थांबवलं. घाण म्हटलं की ती घाण फोटोतल्या मुलीला लागते, म्हणाल्या. ते गुन्ह्याचे फोटो आहेत, तसंच म्हणायचं. त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडले. आधी मला वाटायचं, मला रडायचा हक्कच नाही.

मला त्याच्याशी लग्न करायचं नाही. बाबांना सांग. बाबांना हेही सांग की मी दर रविवारी फोन लावते.

प्रतिक्षा


पाडा
१९ नोव्हेंबर २०२३

बाळा,

तुझं पत्र मी एकटीनं वाचलं. नंतर नदीवर गेले आणि धुणं तसंच ठेवून बसून राहिले. मी काय लिहून बसले होते. तुला उत्तर द्यायला दोन महिने लावले, ते लाजेनं.

दिवाळीत ती माणसं पुन्हा आली. ओसरीवर बसली, चहा झाला. पाड्यातली चार जाणती माणसंही होती. बायकांनी आत राहायचं असतं, पण मी बाहेर आले. म्हटलं, लग्न होणार नाही. काका म्हणाला, पोरीची मर्जी होती, आता मागं कशाला फिरता?

मी म्हटलं, "पोर पंधराची. तिला मर्जी विचारायची ती शाळेत कुठल्या बाकावर बसतेस याची. तिला धमकावून नेलं, तिचे फोटो विकले. याला लैंगिक शोषण म्हणतात."

तो शब्द मी तोंडानं पहिल्यांदाच उच्चारला. जीभ अडखळली. आपल्या बोलीत त्याला शब्दच नाही, प्रतिक्षा. म्हणून लोक बाकी काहीही म्हणतात. ओसरीवर सगळे खाली बघायला लागले. ती माणसं उठून गेली. नंतर तुझी आई बाहेर आली आणि त्यांचे कप लांब विहिरीवर नेऊन घासून आली.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. तुझा बाबा रागावलेला आहे. त्या बैठकीतूनही तो उठून गेला. भात झोडून झाला आणि भिवंडीकडं वीटभट्टीवर गेला. तुझं नाव घरात काढू देत नव्हता. तुझ्या फोनबद्दल सांगितलं तेव्हा कोयता घेऊन बाहेर पडला.

धाकलीला शाळेतून काढायचं म्हणत होता. ते मी होऊ दिलं नाही. रोज अर्ध्या वाटेपर्यंत तिच्यासोबत जाते.

अजून एक सांगायचं होतं, पण कागद संपला.

आत्या


बालगृह
२२ फेब्रुवारी २०२४

आत्या,

कागद संपला नव्हता. पानाची मागची बाजू कोरी होती.

पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. सरकारी वकीलबाई ताईंसोबत आल्या होत्या. भावेशचा वकील काय काय विचारील ते त्यांनी समजावलं. म्हणाल्या, त्याच्या हातात एक कागद आहे, तू हरवल्यावर तुझ्या वडिलांनी दिलेला अर्ज. तो दाखवला.

त्यात असं आहे: "माझी मुलगी प्रतिक्षा हिचे भावेश याच्याशी प्रेमसंबंध असून ती त्याच्यासोबत स्वखुशीने पळून गेली आहे." खाली बाबांची सही. वेडीवाकडी, भि मोठा आणि का लहान.

पण वरचं अक्षर बाबांचं नाही. माझ्या नावातला क्ष असा खालून गाठ मारून एकच माणूस काढतं. मीही तसाच काढते, कारण तूच मला शिकवलंस.

वकीलबाई म्हणाल्या, वय कमी असल्यामुळे कायद्यात संमतीला अर्थ नाही, घाबरू नको. पण समोरचा हा कागद वाचून दाखवणार, घरच्यांनीच तिला पळून गेलेली म्हटलंय, म्हणजे धमकी वगैरे तिनं नंतर रचलं, असं म्हणणार. मला कोर्टात तेच शब्द ऐकून घ्यावे लागतील, आणि ते तुझ्या अक्षरातले आहेत.

सध्या मराठीच्या तासाला व्याकरणातले प्रयोग चालू आहेत. वाक्यात क्रिया कोण करतो ते आधी शोधायचं असतं. तुझ्या वाक्यात सगळं मीच केलंय. भावेशनं काहीच केलेलं नाही. तो नुसता सोबत आहे.

मला पत्र लिहू नको.

प्रतिक्षा


पाडा
२ मार्च २०२४

प्रतिक्षा,

लिहू नको म्हणालीस तरी लिहिते. फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

होय, अर्ज मी लिहिला. तू घरी आली नाहीस त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. पाऊस फार होता, जीपवाल्यांनीच सांगितलं की भावेशही दिसत नाही. भिकादादा बाकावर बसून एवढंच म्हणत होता, पोर पळाली, पोर पळाली. समोरून कागद दिला, काय झालं ते लिहा म्हणाले. पाड्यातलं सगळं मीच लिहिते, रेशनचं, दाखल्याचं. हे पण लिहायला घेतलं.

लफडं असं लिहायला हात धजेना. मला वाटलं, प्रेमसंबंध म्हटलं तर चांगलं दिसेल, पोरीची शोभा राहील. पळवून नेलं असं लिहिलं असतं तर लोक विचारतील, मग तिच्यासोबत काय काय झालं? पुढं तुला कोण पत्करील? म्हणून मी स्वखुशीने लिहिलं. तो शब्द दादानं सांगितला नव्हता. माझ्या मनानं घातला. तुला काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना मी लिहिलं. तुझी अब्रू झाकते आहे असं वाटलं, आणि झाकला गेला तो माणूस.

तू परत मिळालीस तेव्हाही मी गप्प बसले. लफडं म्हणून पत्र लिहिलं ते याच मनानं. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा कळलं की कागदावर काय करून ठेवलंय. पण तुला सांगायचं धाडस झालं नाही. सांगितलं असतं तर तू मला पत्र लिहिणं बंद केलं असतंस. आता तसंही बंद केलंस.

मी सुनिताताईंना अंगणवाडीच्या बाईंच्या फोनवरून फोन केला. हा अर्ज मी लिहिला, आणि त्यातलं स्वखुशीने माझं आहे, हे मी कोर्टात येऊन सांगते म्हटलं. त्या म्हणाल्या, उलटतपासणीत तुम्हाला खोटारडी म्हणतील. म्हटलं, म्हणू देत.

तुझ्या साक्षीच्या दिवशी मी अंगणवाडी सोडून कुठं जाणार नाही. बाईंचा फोन तिथंच लागतो.

आत्या


पाडा
३० जून २०२४

प्रतिक्षा,

तू लिहू नको म्हणालीस त्यानंतरचं हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्ही पत्रांचं उत्तर आलं नाही. तू साक्ष चार तास दिलीस आणि एकदाही मान खाली घातली नाहीस, असं ताईंनी सांगितलं. मला फक्त तेवढंच माहीत आहे.

आमची साक्ष परवा झाली. बाबा भट्टीवरून परस्पर पालघरला आला. सात महिन्यांनी बघितला, फार वाळलाय. आधी त्याला बोलावलं. अर्जावरची सही माझी, लिहिलं बहिणीनं, मला वाचता येत नाही, एवढंच तो बोलला.

मग मला. दार लावून घेतलं होतं, परकं कुणी नव्हतं. भावेशच्या वकिलानं अर्ज पुढं धरला. अक्षर तुमचं का? म्हटलं, होय. प्रेमसंबंध तुम्हीच लिहिलंत? होय. स्वखुशीने तुम्हीच? होय. म्हणजे तेव्हा खरं लिहिलंत आणि आता शिकवलेलं बोलता?

मी म्हटलं, "साहेब, तेव्हा मी काही पाहिलं नव्हतं आणि पोरीला विचारलंही नव्हतं. चार लोक काय म्हणतील त्या भीतीनं लिहिलं. ते प्रेम नव्हतं. पंधरा वर्षांच्या पोरीला धमकावून नेलं होतं. ते लैंगिक शोषण आहे आणि तो शब्द मला तेव्हा येत नव्हता."

तो म्हणाला, हा शब्द तुम्हाला कुणी शिकवला? मी सांगितलं, माझ्या भाचीनं.

न्यायाधीशबाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि लिहून घ्यायला सांगितलं. बाकी काय विचारलं ते नीट आठवत नाही.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसला होता. विक्रमगड गेलं. घाट लागला तेव्हा म्हणाला, "गौरा, पोर पळाली नव्हती ना?"

म्हटलं, नाही.

"मग मी वर्षभर सगळ्यांना तसंच का सांगत फिरलो?"

जव्हारच्या डेपोत उतरलो आणि तो तिथंच सामानाच्या पिशवीवर बसून राहिला. दाभोशाची जीप भरून निघून गेली, दुसरी आली. त्याच्या कागदावर शब्द मीच घातले होते.

या वर्षी तो भट्टीवर लवकर जाणार नाही म्हणतो. तुझ्या ओळीत या वर्षी धाकलीबरोबर तोही वाकणार आहे.

तुझ्याकडून काहीच नको. फक्त पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तरी पुरे.

आत्या


बालगृह
१६ मार्च २०२५

आत्या,

दहावीचे सगळे पेपर उद्या संपतात. इतके दिवस लिहिलं नाही. तुझी सगळी पत्रं मात्र वाचली. एकही फाडलं नाही.

निकालाचं तुला ताईंनी कळवलंच. भावेशला वीस वर्षं. लोक विचारतात, आनंद झाला का? काय सांगू. ते फोटो अजून कुठं ना कुठं आहेतच. पण निकालपत्राची प्रत मी स्वतः वाचली. त्यात मला पीडित बालिका म्हटलंय. फोटोंना बालकाच्या लैंगिक शोषणाचं चित्रण म्हटलंय. आणि तुझ्या अर्जाबद्दल असं आहे की घरच्यांनी भीतीपोटी कोणते शब्द वापरले यानं मुलीचं वय बदलत नाही आणि आरोपीचं कृत्यही बदलत नाही. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग पहिल्यांदा मला तुझी दया आली.

बाबा आले होते. तुला सांगून आले की नाही ठाऊक नाही. मागच्या रविवारी फाटकाशी नोंद चालली होती, मी व्हरांड्यात उभी होते, त्यांना दिसत नव्हते. नवीन पहारेकरी आहेत, त्यांनी वहीत नाव शोधलं आणि सहज विचारलं, जव्हारकडची ती पळून गेलेली का?

बाबा म्हणाले, "पळाली नाय. नेलेली तिला."

आवाज मोठा नव्हता. पण पहारेकऱ्यांनी वहीतून मान वर केली. मागं एका मुलीची आई उभी होती, तीही ऐकत होती. बाबा तसेच उभे राहिले, हात फाटकाच्या गजावर. पुन्हा म्हणाले, "माझ्या पोरीनं काय नाय केलं. तिच्यावर केलेलं हाय."

नंतर आम्ही तासभर बाकावर बसलो. त्यांनी माझे दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले, लहानपणी काटा काढताना बघायचे तसे. जाताना विचारलं, येशील ना? मी म्हटलं, बालकल्याण समितीनं परवानगी दिली तर. परवानगी परवा आली.

मला अकरावीला जव्हारलाच शिकायचं आहे. पाड्यावर काही जण अजूनही जुनंच म्हणतील हे मला माहीत आहे. बाजारात जायची भीतीही गेलेली नाही. तरी मला यायचंय. वीस महिने मी रोज दुपारी समुद्र ऐकला आणि रोज तुमच्या आवाजांची आठवण काढली. धाकलीचा आवाज आता कसा असेल हे मला डोळे मिटूनही आठवेना, तेव्हा मी घाबरले.

सत्तावीस तारखेला दुपारी एकच्या सुमारास ताई मला जव्हार डेपोत आणतील. आई, बाबा आणि धाकलीला पाड्यावरच थांबू दे. तू एकटी ये.

तुझ्यावरचा राग अजून सगळा गेलेला नाही. पण घरी जायच्या आधी मला तुझ्याशीच बोलायचंय. तूच ये.

प्रतिक्षा